क्वार्कची वजनं आणि जळालेली डीपी

पेठच्या पुढं एसटी चहापाण्याला थांबली होती आणि मी खिडकीपाशी बसून भेळ खात होते, तेवढ्यात पुण्यातल्या आमच्या संशोधन गटाच्या मॅडमचा मेल आला. चारच ओळी. परदेशातल्या महासंगणकावर आपल्याला मिळालेली वेळ बारा दिवसांत संपते. त्याआधी दोन आकडे हाती आले तर मोठं काम लगेच सुरू होईल आणि तुझा करार दोन वर्षांनी वाढेल. नाही आले तर ती वेळ दुसऱ्या गटाला जाईल, आणि करार वाढवा म्हणून सांगायला माझ्याकडं कारण उरणार नाही. सगळ्यात खाली, आईला नमस्कार सांग.

मला हसू फुटलं. माझं लहानपणापासून हे असंच आहे, भीती वाटली की आधी हसू येतं. शाळेत छडी खाताना हसायचे आणि त्यापायी दोन जास्त खायचे. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय गं, नोकरीचा कॉल आला का?" मी म्हटलं, "नाही मावशी, जायचा आलाय." आणि पुन्हा हसत सुटले. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकून बसल्या.

मी घरी निघाले होते ते आईचा हात मोडला म्हणून. पिंपरी पेंढारला आमची द्राक्षबाग आणि थोडा कांदा आहे. वडील नाहीत. आई आणि चुलतभाऊ, मी त्याला दादा म्हणते, त्याचं रान शेजारीच, दोघं मिळून शेत बघतात. महिन्यापूर्वी बागेतल्या ओल्या बांधावरून आई घसरली आणि डाव्या मनगटाला प्लास्टर लागलं, मला मात्र कळवलं ते आत्ता. यंत्र परदेशात, मी कुठूनही चालवू शकते, मग घरूनच चालवू, असा साधा विचार होता.

आता ते दोन आकडे कशाचे, हे आधी सांगते. नाहीतर पुढची धावपळ वेडेपणाची वाटेल. सांगितल्यावरही वाटेल, पण निदान कशापायी ते कळेल.

अणूच्या पोटात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, आणि त्यांच्या पोटात क्वार्क. या क्वार्कांना बांधून ठेवणारं एक दांडगं बल आहे, आणि त्याच्या सोबतीला आपली नेहमीची वीज. दोन्ही मिळून काय घडवतात ते कागदावर सोडवता येत नाही. म्हणून आम्ही जागा आणि काळ मिळून एक जाळी कल्पितो, ती संगणकात मांडतो, तिच्यावर क्वार्क सोडतो आणि यंत्राला म्हणतो, चालव. यंत्र उलट विचारतं, क्वार्क केवढ्या वजनाचे घेऊ? इथं पंचाईत होते. क्वार्क एकटा कधीच सापडत नाही, त्यामुळं त्याला तराजूत घालता येत नाही. मग अंदाजानं वजन द्यायचं, यंत्र चालवायचं, क्वार्कांच्या जोड्यांचे जे कण तयार होतात त्यांचं वजन बघायचं, आणि ते मनासारखं आलं नाही की मूळ अंदाज बदलायचा. याला ट्यूनिंग म्हणतात. आयुष्यातली सहा वर्षं मी हे करतेय आणि मला हे फार आवडतं.

नुसतं दांडगं बल असलं की तिन्ही क्वार्कांना एकच वजन देऊन सुरुवात करता येते. सगळे सारखे, तंटा नाही. वीज चालू केली की तंटा सुरू. कारण तिघांतल्या एकावर विजेचा भार बाकी दोघांच्या दुप्पट, आणि त्या भारानंच तो आणखी जड होतो. म्हणजे त्याला आधीच थोडा हलका करून आत सोडायला हवा. किती हलका? हा पहिला आकडा. बाकी दोघांचं वजन हा दुसरा. दोन्ही असे हवेत की वीज चालू असतानाही सगळ्या जोड्यांचं वजन सारखं यावं आणि आम्ही ठरवलेल्या जागीच यावं. त्यात पहिला आकडा हलवला की दुसऱ्याचंही बिनसतं. शिवाय खऱ्या विजेचा परिणाम इतका बारीक, की आकड्यांच्या चढउतारात तो दिसतच नाही. म्हणून आमच्यात रिवाज आहे, सुरुवातीला वीज खऱ्यापेक्षा दहापटीहून जास्त घ्यायची. परिणाम नीट दिसला की मग हिशेबानं खऱ्यापर्यंत खाली यायचं.

हे सगळं पहिल्याच संध्याकाळी मी दादाला सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे तुझ्या कॉम्प्युटरात लाईट दहापट? आन हितं मोटरीला तीन फेज मिळंनात! तिकडची एखादी वायर इकडं वढ की राव."

आई चुलीपुढं बसून एका हातानं भाकरी उलटत होती. "बारा दिसात झालं न्हाई तर?" तिनं विचारलं. मी विहिरीपाशी मॅडमशी फोनवर बोलताना तिनं ऐकलं असणार.

"तर पुण्यातलं आवरायचं," मी म्हटलं आणि हसले.

आई हसली नाही. भाकरी तव्यावरून काढून माझ्या ताटात टाकली.

मोबाईलला रेंज फक्त विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाकीवर यायची. मी तिथं खुर्ची नेली, डोक्यावर आईची जुनी साडी बांबूंना ताणून बांधली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझं ऑफिस सुरू झालं. वजनांचे सहा वेगवेगळे अंदाज घेतले आणि सहाही कामं महासंगणकावर सोडली. सहा ठिकाणचे निकाल आले की त्यांवरून खरी जागा काढता येते. थंडी गोड होती, समोर बाग, टाकीत पाणी पडल्याचा आवाज. मला वाटलं, बारा दिवस कशाला, सहा पुरे.

त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती. लाईट आली की आई पदर खोचून मोटर चालू करायला निघायची आणि तासाभरानं परत यायची. एका मोटरीला तासभर! हात गळ्यात बांधलेला, वाटेत ऊस, उसात बिबट्याचे ठसे दोनदा दिसलेले, आणि ही बाई बांधाबांधावर गप्पा मारत फिरतेय, असं मला वाटलं. मी चिडले. मी चिडले की काहीतरी विकत आणते. आळेफाट्याला गेले, स्टार्टरला लावायचा ऑटो आणला आणि आमच्या मोटरीला बसवून टाकला. ऑटो म्हणजे एक छोटी डबी. लाईट आली की ती आपोआप मोटर चालू करते, माणसाला जावं लागत नाही. आईनं डबीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "बेस झालं," एवढंच म्हणाली. आणि गंमत म्हणजे त्यानंतरही रोज लाईट आली की तासभर जातच राहिली. बाईला सवय मोडवत नाही, मी मनाशी म्हटलं.

त्या ऑटोवर मी इतकी खूश झाले की त्याच दुपारी तिकडच्या यंत्रालाही एक बसवला. त्या आठवड्यात महासंगणकाच्या थंड करायच्या यंत्रणेची दुरुस्ती चालली होती. रोज एकदा-दोनदा तो बंद पडायचा, आणि माझी सहाही कामं जागच्या जागी मरून पडायची. मग मी बसून प्रत्येक काम हातानं सुरू करायचे. म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. यंत्र परत आलं की सहाही कामं आपोआप सुरू. फाईलचं नावसुद्धा ऑटो ठेवलं. आळेफाट्याचं तंत्रज्ञान परदेशात नेलं म्हणून स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली.

त्यानंतरचे पाच दिवस माझी जी वरात निघाली ती काय सांगू. निकाल यायचे, पण एकाचा एकाशी मेळ नाही. जड होणाऱ्या क्वार्कला हलकं करावं तर जोडीचं वजन वाढलेलं दिसायचं. मग दुसऱ्या दोघांना हलवावं तर पहिला भलतीकडंच पळालेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं माझं चाललं होतं. आकडा आला की लगेच वही काढायची, लगेच रेघ मारायची, लगेच नवा अंदाज. आमच्याकडं लाईट सात-आठ तासच असते, आली की पळायचं, गेली की बसायचं, त्यामुळं आम्हा लोकांच्या अंगात ही घाई मुरलेलीच असते. चालू झालं ना, मग काढून घ्या पाणी.

सातव्या दिवशी सकाळी जोड्यांची वजनं जुळली. मी किंचाळले. टाकीवरून उडी मारली, बागेत आईला मिठी मारली, तिच्या तोंडात गूळशेंगदाणा कोंबला आणि तिच्या प्लास्टरवर पेनानं दोन्ही आकडे लिहून टाकले. दादाला फोन केला, तो म्हणाला, आता लाईट सोड इकडं. संध्याकाळी पुन्हा पाहिलं तर वजनं पार फाकली होती. तेच आकडे, तेच काम, आणि उत्तर भलतंच. मी आईच्या प्लास्टरवरचे आकडे थुंकी लावून पुसायला गेले तर ते पुसले जाईनात. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, कुनाला काय कळतंय." मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं. उरले पाच दिवस, आणि माझ्या हातात एकही धड आकडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास लाईट आली. मी टाकीवर होते. आमची मोटर घरघरली, त्याच क्षणी पलीकडची घरघरली, मग खालची, मग दादाची, सगळ्या एकदम, आणि कालव्याकडच्या बाजूनं असा धडाका झाला की बागेतले पक्षी उठले. डीपीवरून काळा धूर निघाला. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, आमच्या सात शेतकऱ्यांचा मिळून एक. पाच मिनिटांत सगळे खाली जमले. आई बांधावर वाटेतच होती, ती पळत आली.

वायरमन आला, त्यानं खांबाकडं पाहिलं आणि सातही जणांकडं पाहिलं. "ऑटो कुनाकुनाचा हाय?"

सगळे जमिनीकडं बघत होते. मी म्हटलं, "आमचा आहे. मी बसवला." मला वाटलं, यात लपवायचं काय?

मग हळूहळू उलगडलं. दोन वर्षांपूर्वी हीच डीपी दोनदा जळाली होती. सातही मोटरी ऑटोवर, लाईट आली की सातही एकदम उसळायच्या, आणि सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. तेव्हा सगळ्यांनी बसून ठरवलं की ऑटो कुणीच लावायचा नाही. आठवड्याला एकाची पाळी. लाईट आली की त्यानं सातही मोटरी हिंडून, एकेक करून चालू करायच्या. मी पुण्यात होते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात पाळी आईची होती! ती बांधावर गप्पा मारत नव्हती, मोडक्या हातानं सात मोटरी चालू करत फिरत होती. आणि आमची मोटर ती पोचायच्या आधीच चालू झालेली पाहून खालच्यानं चोरून ऑटो लावला, त्याचं पाहून पलीकडच्यानं, आणि पाच-सहा दिवसांत सातही जण गुपचूप ऑटोवाले. आईला रोज एखादी मोटर आधीच चालू दिसायची, पण सुरुवात आपल्याच घरातून झालेली, म्हणून ती कुणाला बोलली नव्हती. आमचा दादासुद्धा.

"आई, तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू हौसनं आनलंस," आई म्हणाली. "म्हनलं, चार दिस चालू दे, मग काढू."

मी कपाळाला हात लावला. सातजणांत वयानं मोठे म्हणजे शेजारचे तात्या. मेंढरं राखण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आणि उरलेलं कांद्यात. ते रागावले नव्हते, हेच जास्त लागलं. समोर बसवून त्यांनी मला शिकवायला घेतलं, जशी काही मी पहिल्यांदाच मोटर पाहतेय. "ताई, मोटर चालू करनं म्हंजे बटन दाबनं न्हवं. बटन दाबल्याव ती उसळती. तवा तिचा आवाज खोटा आसतो. थांबायचं. आवाज बसू द्यायचा. बसला की मग फुडच्या मोटरीकं जायाचं. आन लाईट गेली आन आली, की पुन्हा पयल्यापासनं उसळती ती. तिला काय ठावं, मगाशी चालू व्हती म्हनून?"

मी तात्यांकडं बघत राहिले. त्यांना वाटलं मला ओरडा फार लागला. ते म्हणाले, "जाऊ दे, रडू नगं." पण मी रडत नव्हते. पुन्हा पहिल्यापासून! माझा ऑटो. यंत्र बंद पडून परत आलं की माझा ऑटो सहाही कामं सुरू करायचा, पण कुठून? शेवटी जिथं पोचली होती तिथून उचल, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. तो प्रत्येक वेळी अगदी सुरुवातीपासून सुरू करत होता. सुरुवातीच्या जाळीत वीज नावालाही नसते. ती चालू केल्यावर जाळी उसळते, आणि ती बसेपर्यंतचे आकडे खोटे असतात. हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो! मी इतके दिवस उसळणाऱ्या यंत्राची वजनं घेऊन रेघा मारत होते. बसलेलं काम माझ्याकडं एकही नव्हतं.

"तात्या!" मी ओरडले, त्यांच्या पायांना हात लावला आणि पळत सुटले. मागून दादाचा आवाज आला, "आरं, हिचा दंड ठरायचाय आजून!" आणि कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ द्या, शिकलेली हाय, आसंच व्हतं."

पण पळून जाणार कुठं? डीपी जळाली तशी वस्तीवरच्या घरांचीही लाईट गेली. लॅपटॉपमध्ये तासभराची बॅटरी. नवी डीपी यायला पाचेक दिवस, वायरमननं सांगितलं. कालव्याला पाण्याचं आवर्तन चालू होतं म्हणून कांदा वाचणार होता आणि सातजणांच्या शिव्याही जरा कमी पडणार होत्या. माझं काय? दादानं मोटरसायकल काढली. "बस," म्हणाला. "आळेफाट्याला फाट्यावरच्या हॉटेलात प्लग हाय. मालक वळखीचा हाय. मिसळ खा आन तुझे क्वार्क चालव."

तर आमच्या विश्वाची ती जाळी पुढचे चार दिवस आळेफाट्याच्या हॉटेलातल्या कोपऱ्यातल्या टेबलावरून चालली. एका बाजूला नाशिकची एसटी हॉर्न देतेय, दुसऱ्या बाजूला कल्याणची, मधे कंडक्टर ओरडतोय, पलीकडं टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो, आणि मी तर्रीवर लिंबू पिळत जाळीतली वीज दहापट करतेय. सगळ्यात आधी मी तो ऑटो नावाचा प्रोग्रॅम फेकून दिला. मग सहाच्या जागी एकच काम सुरू केलं, एकच अंदाज, आणि स्वतःशी ठरवलं की पूर्ण दिवस त्याच्या आकड्यांकडं बघायचं नाही. बंद पडलं तर जिथं होतं तिथूनच उचलायचं. एक दिवस न बघणं हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते हॉटेलच्या मालकांनाच माहीत. त्यांचं सगळं मेनूकार्ड मी सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून दिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्या सुट्ट्यांना गोल केले, आणि एका नाशिकच्या पाहुण्यांना प्रोटॉन म्हणजे काय ते पूर्ण समजावलं. ते म्हणाले, "लई भारी, पन आमची गाडी गेली."

दुसऱ्या दिवशी रेघ बसलेली दिसली. चढत नाही, उतरत नाही, सपाट. मी तिला हात लावून पाहिला, स्क्रीनवर. मग दुसरा अंदाज, पण कोऱ्या जाळीपासून नाही, पहिलं काम जिथं बसलं तिथून. थोडंसंच वजन हलवलं, त्यामुळं ते लवकर बसलं. तिसरा तसाच दुसऱ्यापासून. तीन बसलेली ठिकाणं झाली की रेघ मारायला पुरतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रेघ मारली, तिच्यावरून दोन आकडे काढले आणि चौथं काम त्या आकड्यांवर सोडलं. मॅडमला कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "उद्या दुपारी चारला आपली वेळ संपते." मला हसू आलं.

शेवटच्या दिवशी आई प्लास्टर काढायला आळेफाट्याच्या डॉक्टरकडं आली होती. तिथून डबा घेऊन हॉटेलात आली आणि माझ्यासमोर बसली. बाजरीची भाकरी, मेथी, ठेचा. तिचा हात पांढराफटक पडला होता आणि ती तो सारखा उघडमीट करून पाहत होती. मी भाकरी हातात धरून दोन वाजायची वाट बघत होते, कारण दोनच्या आधी रेघ बसली की नाही हे कळणारच नव्हतं आणि मला आता घाई करायची नव्हती. सातव्या दिवशीची किंकाळी मला आठवत होती. दोन वाजले. पाहिलं.

जोड्यांची वजनं सारखी. ठरवलेल्या जागी. मी खाली मान घालून पुन्हा मोजलं. रेघ सपाट होती. तिसऱ्यांदा मोजलं, वेगळ्या पद्धतीनं. तेच आलं. मी ओरडले नाही. मला ओरडताच येईना, मी नुसतीच खुर्चीत वरखाली होत होते आणि माझ्या ठेच्याच्या हातानं लॅपटॉपच्या कळा तिखट झाल्या होत्या. मॅडमला फोन लावला. "वाच," त्या म्हणाल्या. मी वाचले. "पुन्हा वाच." पुन्हा वाचले. पलीकडं मॅडम, साठीच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या, खुदकन हसल्या आणि मग त्यांना थांबताच येईना. "सोड मोठं काम," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या आठवड्यात ये, सह्या करायच्या आहेत तुझ्या कागदांवर." तीन वाजायच्या आत मोठं काम रांगेत लागलं आणि सुरू झालं. मी मालकांना सांगितलं, त्यांनी सगळ्या टेबलांना चहा दिला. एका कंडक्टरनं चहा हातात घेऊन विचारलं, "कुनाचं लगीन?" मी म्हटलं, "क्वार्कांचं!"

आईनं विचारलं, "झालं?"

"झालं! आई, झालं! दोन वर्षं पुढं!"

तिनं डब्याचं झाकण लावलं, पिशवीत ठेवलं आणि उठली. "मग चल, वर जाऊन येऊ."

"वर कुठं?"

हॉटेलच्या वर अकरावी-बारावीचा क्लास होता. चार दिवस पोरांचे पाय जिन्यावर धडधडताना ऐकले होते, पण मी मान वर करून पाटी वाचली नव्हती. आई पदर नीट करत म्हणाली, "त्या सरांला मी शब्द टाकून ठिवला व्हता. तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिशी. म्हनलं, पोरगी फिजिक्स शिकवंल, घरनं येऊन जाऊन करंल. त्यांनी जागा धरून ठिवलीया तुझ्यासाठी."

माझं हसू पळालं. राग आला. "तुला वाटलं मी हरणार?"

"हरशील आसं न्हाई गं," आई म्हणाली. "हरलीस तर घरात त्वांड लपवून बसशील, आसं वाटलं. तू हसून दावतीस, मला काय कळत न्हाई व्हय? म्हनलं, हितं उभं ऱ्हायाला काय तरी पायजेल तुला."

गेले बारा दिवस मी हिच्यासमोर नाचत होते आणि ही एका हातानं सात मोटरी चालू करून, वर माझी सोयही लावून बसली होती. ती जिना चढायला लागली आणि मी मागं गेले. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते, पुढं पन्नासेक पोरं बसली होती. त्यांनी आईला ओळखलं, दारात आले. "या मावशी. ह्याच का मॅडम? आम्ही वाटच बघत होतो."

आई ताठ उभी राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"न्हाई यायची ती," ती सरांना म्हणाली. "तिला काम हाय."

पोरगी पुण्याला असती, कॉम्प्युटरवर काय तरी करती, एवढंच आई आजवर लोकांना सांगायची. मी करते त्याला तिनं कधी काम म्हटलं नव्हतं. सर "बरं बरं" म्हणाले, आम्ही दोघी मागं फिरलो. जिना उतरताना मला इतकं भरून आलं होतं की पायऱ्या दिसत नव्हत्या, आणि तरी मी हसतच होते.